मूळ न पुसता

फोटोशॉपमध्ये एखादी फाइल उघडली की आपली नजर आपसूक मधल्या चित्राकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. पण ते चित्र घडले कसे हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने नजर थोडी उजवीकडे वळवावी, जिथे एका अरुंद पट्टीत लहान लहान चौकटी एकावर एक रचलेल्या दिसतात. ही लेयर्सची पट्टी. आज आपण अशी एक फाइल सावकाश वाचणार आहोत. चित्राचा विषय अगदी साधा आहे : चिंचवडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला, वीतभर लांबीचा, एका टोकाला दाते असलेला स्टीलचा शाफ्ट. इथले कामगार ज्याला नुसते ‘जॉब’ म्हणतात, तो. पांढरी पार्श्वभूमी, डावीकडून उजेड, खाली हलकीशी सावली. कॅटलॉगसाठी आणि ऑटो क्लस्टरच्या प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी काढलेला हा फोटो आहे. आपण कवितेचे रसग्रहण करतो, बंदिशीचे करतो. ज्या फाइलमध्ये एका जाणत्या हाताने आपला प्रत्येक निर्णय जागच्या जागी, उघडून पाहता येईल असा ठेवला आहे, तीही त्याच आस्थेने वाचण्याजोगी आहे. फोटो-एडिटिंगला नुकती सुरुवात केलेल्या माणसाला तर टिपांच्या लांबलचक यादीपेक्षा अशी एक फाइल कितीतरी अधिक शिकवून जाते.

वाचन तळापासून सुरू करू. सर्वांत खाली कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो आहे, आणि त्याच्या नावापुढे एक इवलेसे कुलूप. या मूळ फोटोत सगळी वैगुण्ये जशीच्या तशी आहेत : छतावरच्या ट्यूबलाइटची हिरवट झाक, खाली अंथरलेल्या पांढऱ्या कागदाची घडी, दातांच्या खोबणीत अडकलेला पुसण्याच्या कापडाचा धागा, गोलाईवर उमटलेला तेलकट बोटाचा ठसा, आणि नीट निरखले तर स्टीलमध्ये प्रतिबिंबित झालेली एक लालसर रेघ, जी फोटो काढणाऱ्याच्या शर्टाची आहे. यांतले काहीही इथे दुरुस्त केलेले नाही. सगळी दुरुस्ती वरच्या थरांत आहे, आणि तळ तसाच राखलेला आहे. मूळ चित्रावर थेट ब्रश चालवू नये, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. नुसता नियम म्हणून ऐकले तर ते रुक्ष वाटते, पण या कुलपाकडे जरा वेळ पाहत राहिले की त्यातला दिलासा कळू लागतो. ज्याचे मूळ सुरक्षित आहे त्याचा हात मोकळा होतो. तो बिचकत नाही, करून पाहतो, नाही जमले तर तो थर काढून टाकतो. ज्याला आपण कामाचा वेग म्हणतो तो बोटांच्या चपळाईपेक्षा या निर्धास्तपणातून येतो, असे मला वाटते, आणि या फाइलचा जवळजवळ प्रत्येक थर त्याची साक्ष देतो.

ही सोय पहिल्यापासून नव्हती. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेले फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आले, तेव्हा त्यात लेयर नव्हते. जे रंगवावे ते चित्रात मुरून जाई, आणि मागे फिरण्याची मुभा एकाच पावलापुरती. लेयर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ साली, चौथ्या आवृत्तीत. आणि अनेक पावले मागे नेणारी हिस्टरी १९९८ साली, पाचव्या आवृत्तीत. पण थरांनी चित्र बांधण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. चिंचवड स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडली की वाटेत मळवली लागते. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे या मळवलीला आला. घरोघरच्या भिंतींवर गेलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींमधला एकेक रंग वेगवेगळ्या दगडावर उतरवलेला असे. तोच कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा जाई, आणि खुणेशी खूण जुळली तरच देवीच्या ओठांची लाली ओठांवर बसे. एका रंगाच्या दगडाला हात लावताना बाकीच्या दगडांना धक्का लावायचे कारण नसे. पडद्यावरच्या पट्टीत एखाद्या थराचा डोळा आपण मिटतो, उघडतो, तेव्हा त्या दगडांचीच शिस्त आपल्या बोटाखाली हलत असते.

आता थरांचा क्रम पाहा, कारण या फाइलचा खरा डौल तिथे आहे. कापणी आणि सरळपणा आधी, मग एकूण रंग आणि उजेड, मग पार्श्वभूमी, मग बारीक सफाई, मग ठिकठिकाणचा उजाळा, आणि धार अगदी शेवटी. शॉप फ्लोअरवर उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. जॉब आधी रफ टर्निंगला जातो, मग फिनिशिंगला, आणि ग्राइंडिंग सर्वांत शेवटी. ग्राइंडिंग करून आणलेला जॉब पुन्हा रफिंगला कोणी लावत नाही. नवशिका मात्र पडद्यावर हमखास हेच करतो. फोटो उघडताच तो तीनशे टक्के झूम करतो, कोपऱ्यातला एक ठिपका त्याच्या डोळ्यांत खुपतो, अर्धा तास त्यावर खपतो, आणि नंतर क्रॉप करताना तो कोपराच चौकटीबाहेर जातो. म्हणून मोठ्याकडून लहानाकडे यावे. दर थोड्या वेळाने कंट्रोल-शून्य दाबून अख्खे चित्र पाहावे, कंट्रोल-एक दाबून शंभर टक्क्यांवर पाहावे, आणि ठिपक्याच्या आणि चित्राच्या प्रमाणाचे भान सुटू देऊ नये. हे भान ज्याला आहे त्याच्या निम्म्या चकरा वाचतात.

हिरवट झाक गेली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. त्यासाठी कर्व्ह्जचा एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर आहे. त्यातल्या मधल्या ड्रॉपरने कागदावर एक टिचकी, एवढेच. पण टिचकी कुठे मारली आहे हे महत्त्वाचे. कागदाच्या लख्ख उजळ भागावर ती मारलेली नाही, कारण तिथे उजेड इतका भरला आहे की रंगाची माहितीच उरलेली नाही. ती मारली आहे कागदाच्या सावलीतल्या करड्या भागावर, जिथे हिरवटपणा अजून बोलतो आहे. सावलीत रंग शोधण्याची ही नजर ज्याला आली त्याने एका टिचकीत पंधरा मिनिटांचे काम केले.

यानंतर पार्श्वभूमी काढलेली आहे, ज्याला धंद्यात ‘कटिंग’ म्हणतात. इथे आपण थोडे थांबू. जादूच्या कांडीसारखी साधने आज मुबलक आहेत आणि एका टिचकीत ती वस्तू निवडूनही देतात. पण चकचकीत स्टीलची उजळ कड पांढऱ्या कागदात मिसळते तिथे ती फसतात, कड कुरतडल्यासारखी होते. या फाइलमध्ये कड पेन टूलने काढली आहे. तिच्यावर किती बिंदू आहेत ते मोजावेसे वाटते, इतके ते थोडे आहेत. शाफ्टचे गोल तोंड तिरक्या कोनातून लंबवर्तुळ दिसते, आणि त्या अख्ख्या लंबवर्तुळाला फक्त चार बिंदू : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नवशिका इथे पंचवीस-तीस बिंदू टाकतो आणि प्रत्येक बिंदूपाशी रेघेला एक बारीक ठेच लागते. चार बिंदू टाकणाऱ्याने दांड्या ताणून वळण रेघेवर सोपवले आहे. या वळणाचे कूळ कळले की चिंचवडकराला तर विशेष आनंद व्हावा. पेन टूलमागची वक्ररेषा चित्रकाराच्या स्टुडिओतून आलेली नाही. ती मोटारीच्या कारखान्यातून आली आहे. गाडीच्या पत्र्याची वळणे यंत्राला नेमकी सांगता यावीत म्हणून रेनो कंपनीतले अभियंते पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ती रूढ केली, आणि सित्रोएनमधले पॉल दि कास्तेलजो यांनी त्याच्या थोडे आधी, १९५९ च्या सुमारास, तोच गणिती मार्ग शोधला होता. मोटारीसाठी जन्मलेली रेघ आज मोटारीच्याच एका सुट्या भागाभोवती, तेही वाहनांचे भाग घडवणाऱ्या गावात, अलगद फिरते आहे. पेन टूलवर हात बसायला आठवडे लागतात. ते आठवडे वाया जात नाहीत, कारण पाथ एकदा नाव देऊन फाइलमध्ये जपला की तीच कड पार्श्वभूमीला, सावलीला, उजाळ्याला, सगळ्यांना पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

आता त्या थराकडे येऊ, ज्याच्यावर माझा सर्वांत अधिक जीव आहे. नाव आहे ‘धूळ’. पट्टीतली त्याची चौकट जवळजवळ रिकामी दिसते. ऑल्ट दाबून त्याच्या डोळ्यावर टिचकी मारली की बाकीचे सगळे थर विझतात आणि पडद्यावर उरतात फक्त काही विखुरलेले करडे तुकडे : एक धाग्याएवढा लांबट, एक बोटाच्या पेराएवढा, बाकी नुसते कण. याचा अर्थ असा की हीलिंग आणि क्लोन ही दोन्ही साधने रिकाम्या लेयरवर चालवली आहेत, आणि वर ‘करंट अँड बिलो’ असा पर्याय निवडून त्यांना खालच्या चित्रातला पोत उचलायला सांगितले आहे. दुरुस्ती मूळ चित्राला चिकटलेली नाही. तिच्यावर नुसती अंथरलेली आहे. एखादा तुकडा जमला नाही तर तेवढाच खोडायचा.

आणि त्या तुकड्यांच्या दिशा पाहा. शाफ्ट लेथवर फिरत असताना टूलने त्याच्या अंगावर अतिशय बारीक, समांतर वलये उमटवली आहेत. स्पॉट हीलिंगची टिचकी इथे मारली तर ठसा जातो, पण त्या जागी वलये मोडतात आणि गुळगुळीत असा एक मेलेला डाग राहतो. जाणत्या डोळ्याला तो मूळ ठशाहून अधिक खटकतो. म्हणून बोटाचा ठसा हीलिंगने न काढता क्लोनने काढला आहे, आणि नमुना उचलला आहे त्याच वलयांच्या रेषेत किंचित सरकून, असा की रेघेला रेघ मिळावी. किती वेळ लागला असेल? चार ठिकाणी चुकून परत फिरण्यापेक्षा खचितच कमी. याहून सुंदर आहे ते या थराने जे केलेले नाही ते. धागा गेला, ठसा गेला, कागदाची घडी गेली. पण वलये राहिली, दातांच्या कडेवरचा चॅम्फर राहिला, एका दातावरची अगदी सूक्ष्म खूणही राहिली. धूळ ही फोटो काढला त्या दिवसाची असते, आणि वलये जॉबची, ती घडवणाऱ्या हाताची. गिऱ्हाईक चित्र पाहून जी वस्तू मागवणार आहे तिचे अंग चित्रात खरे असले पाहिजे. काय काढावे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. हा विवेक ज्याच्यापाशी आहे तो कामात अडखळत नाही, कारण प्रत्येक ठिपक्यापाशी त्याला नव्याने विचार करावा लागत नाही.

‘लाल शर्ट’ या नावाचा थर वाचून आपल्याला हसू येईल, पण हे नाव फार शहाणपणाचे आहे. तिथे ह्यू-सॅच्युरेशनचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर आहे, त्यात फक्त लाल रंगाची तीव्रता उतरवलेली, आणि सोबत एक मास्क. ऑल्ट दाबून मास्कवर टिचकी मारली की अख्खा पडदा काळा होतो आणि मधोमध एक लांबट, कडा विरत गेलेली करडी रेघ दिसते. मास्कचे सगळे शास्त्र एवढेच : पांढरे तिथे परिणाम दिसतो, काळे तिथे झाकतो, करडे तिथे त्या त्या प्रमाणात. ज्याला एवढे उमगले त्याने रबर काही महिने कपाटात ठेवावे. रबराने पुसलेले गेले ते गेले. मास्कने झाकलेले पांढऱ्या ब्रशच्या एका फटकाऱ्यात परत येते. आणि इथली रेघ ठाम पांढरी नसून करडी का, तर स्टीलमध्ये भोवतालचा थोडासा ऊबदार रंग राहू दिला आहे. सगळा रंग शोषून घेतला असता तर धातू राखेसारखा निर्जीव झाला असता. ही करडी छटा मिळवायला खटाटोप लागत नाही; ब्रश हातात असताना तीनचा आकडा दाबला की त्याची तीव्रता तीस टक्के होते, पाच दाबला की पन्नास, आणि हलके हलके हात फिरवत पाहिजे तिथे थांबता येते.

बोटांचा विषय निघालाच आहे तर डाव्या हाताबद्दल बोलायलाच हवे. उजवा हात माउसवर, आणि डावा कीबोर्डवर नुसता टेकलेला : जाणत्या माणसाला मास्क रंगवताना पाहणे हा एक स्वतंत्र आनंद आहे. स्पेसबार धरून चित्र सरकवले, चौकोनी कंसाची कळ दाबून ब्रश लहान केला, एक फटकारा, एक्स दाबून काळ्याचे पांढरे, दुसरा फटकारा, पुन्हा एक्स, पुन्हा कंस, आणि या सगळ्यात कर्सर एकदाही मेनूकडे धावत गेलेला नाही, डोळा एकदाही दातांच्या कडेवरून हललेला नाही. शॉर्टकटचे मोल वाचलेल्या सेकंदांत आहेच, पण त्याहून अधिक या न हललेल्या नजरेत आहे. मेनूत शोधायला गेलेले मन परत येते तेव्हा त्याला आधीची जागा पुन्हा हुडकावी लागते. शंभर शॉर्टकट पाठ करायला बसू नये. ब्रशसाठी बी, आकारासाठी दोन कंस, रंगांच्या अदलाबदलीसाठी एक्स, मूळ काळ्या-पांढऱ्यासाठी डी, सरकण्यासाठी स्पेस. एवढ्यावर महिनाभर निभते. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांनी खट्टू होऊ नये. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९६ साली लोकांसमोर ठेवलेला गिंप आजही विनामूल्य मिळतो, त्यातही ते दोन कंस आणि तो एक्स हीच कामे करतात, आणि २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यातले फिल्टरही मूळ चित्र न बिघडवता लावता येतात.

‘दात उजाळा’ नावाच्या थरात कर्व्ह्जची रेघ मध्यापाशी जराशी वर उचललेली आहे, आणि मास्क फक्त दातांच्या माथ्यांपुरता उघडा. उजेड-अंधाराची ही ठिकठिकाणची राखण डार्करूममधून आली आहे : फोटोशॉपच्या डॉज टूलचे चिन्ह नीट पाहा, काडीला लावलेली ती गोल चकती आहे, प्रिंटवर पडणारा उजेड अडवणारी, आणि बर्नचे चिन्ह म्हणजे फट ठेवून मिटलेला हात. ती साधने थेट चित्रावर चालतात, म्हणून या फाइलने त्यांच्याऐवजी कर्व्ह्ज आणि मास्क यांची जोडी वापरली आहे. परिणाम तोच, वाट मात्र परतीची.

नावांकडे परत एकदा पाहू. ‘धूळ’, ‘लाल शर्ट’, ‘दात उजाळा’, ‘सावली’. मराठीत, साधी, जे केले तेच सांगणारी. ‘लेयर १ कॉपी ३’ असल्या नावांच्या जंगलात हरवलेल्या फाइली पुष्कळ असतात. त्यांत काय कुठे आहे हे करणाऱ्यालाही आठवड्याने सांगता येत नाही. इथे मात्र मालकांनी फोन करून ‘सावली जरा कमी करा’ म्हटले, तर ‘सावली’ निवडायची, ओपॅसिटी साठावरून चाळीसवर आणायची, आणि फोन ठेवायच्या आत काम झालेले असते. चांगल्या नावात इतका वेळ साठवता येतो, हे नवशिक्याला खरे वाटत नाही. पहिला बदल मागितला जातो त्या दिवशी ते पटते.

बाहेर पाठवण्याबद्दल थोडक्यात. धार लावणे सर्वांत शेवटी आणि ज्या आकारात चित्र जाणार त्याच आकारावर : कॅटलॉगसाठी इंचाला तीनशे पिक्सेल, लांबून पाहायच्या मोठ्या बॅनरला शंभर-दीडशे पुष्कळ. थर असलेली पीएसडी वेगळी जपावी आणि जेपेग नेहमी तिच्यातूनच काढावा, कारण जेपेग उघडून पुन्हा पुन्हा जेपेगमध्येच जतन केला की दर वेळी त्यातले काही गळते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर जपलेली सगळी वलये वाटेतच सपाट होतात.

नव्याने शिकणाऱ्या वाचकाला माझी एकच विनंती आहे. या आठवड्यात आपला कुठलाही एक फोटो उघडा, मूळ थराला हात न लावता त्यावर एक रिकामा लेयर घ्या, त्याला मराठीत नाव द्या आणि त्या दिवसाची धूळ तेवढी काढा. कर्व्ह्ज आणि पेन टूल पुढच्या आठवड्यात.